घरचे अठरा हात

सासूबाई स्टुलावर चढल्या तेव्हा लग्नानंतर प्रथमच आमची नजर एका पातळीवर आली.

"हात वर कर," त्या म्हणाल्या.

मी केले. बोटं छपराच्या वाशाला लागली आणि कोळिष्टकाचा एक लांब धागा सुटून त्यांच्या पांढऱ्या केसांवर अलगद उतरला. तो झटकायला त्यांना सवड नव्हती. त्यांनी स्वतः विणलेलं हळदी रंगाचं कोशाच्या रेशमाचं लुगडं माझ्या कमरेला गुंडाळून झालं होतं. पदर खांद्यावरून मागे सोडून त्या खाली उतरल्या आणि उरलेल्या कापडाच्या निऱ्या घालू लागल्या. एक, दोन, तीन. चौथीला कापड नव्हतं.

"कासोट्याले काय उरलं?" त्यांनी मलाच विचारलं. जणू मधलं कापड मी खाल्लं होतं.

"काहीच नाही, आई."

"श्वास ओढ."

मी श्वास ओढला. लुगडं ओढलं गेलं नाही.

त्यांनी सगळं सोडलं आणि उलट्या बाजूने आरंभ केला. आधी निऱ्या, मग कासोटा. कासोटा पाठीशी ऐटीत खोचला गेला. पदर मात्र छातीवरून वर चढता चढता खांद्याशी येऊन थबकला, परक्या गावी उतरलेल्या पाहुण्यासारखा. पुढे जावं कुठे, त्याला कळेना. पदर घेतला तर कासोटा नाही, कासोटा घातला तर पदर नाही. नऊवारीने माझ्यापुढे असा पेच टाकावा, यावर मी एरवी एक कविता लिहिली असती. त्या घटकेला माझ्या अंगावर एक परकर, एक पोलकं आणि अपुरं लुगडं होतं, आणि दाराबाहेर ओसरीवर गल्लीतल्या बायका जमत होत्या.

ही सत्त्याऐंशी सालच्या मार्गशीर्षातली गोष्ट. वैनगंगेकाठच्या पवनीत, विणकरांच्या गल्लीत, माझ्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशीची.

माझी उंची पाच फूट दहा इंच. मराठी घेऊन एम.ए. झालेली मुलगी आधीच पुष्कळांना अवघड वाटायची. त्यात ही उंची. नागपुरात मला पाहायला आलेल्या सहा स्थळांपैकी चार मी चहाचा ट्रे घेऊन उभी राहिल्याबरोबर संपली. वडील मला हलकेच सांगत, "विशाखा, जरा खांदे पाड." मी खांदे पाडत असे. वर्गातल्या फोटोत मला बसवत, मैत्रिणींच्या लग्नात मागे उभी करत. माझ्या त्या काळच्या साऱ्या कवितांत एक वाकलेलं झाड येतं. परीक्षकांनी त्याचा अर्थ अस्तित्वाची व्यथा असा लावला होता. तो मानेच्या दुखण्याचा होता.

सातवं स्थळ नंदकिशोरचं. पवनीच्या शाळेत गणित शिकवत होते आणि उंची पाच फूट चार इंच. ट्रे हातात घेऊन मी उभी राहिले. त्यांनी मान वर केली, पुन्हा थोडी वर केली, आणि शांतपणे म्हणाले, "बरं होईल. आमच्या घरी वरच्या फळीवरचं काही कोणालाच काढता येत नाही." मी हसले आणि लग्न ठरलं. बोहल्यावर अंतरपाट धरला तेव्हा तो माझ्या हनुवटीपर्यंतच आला. बाकी वधूंना मंगलाष्टकं संपेपर्यंत वाट पाहावी लागते. मी वरूनच सगळं पाहून घेतलं.

त्यांची आई, कौतिकाबाई, साडेचार फुटांहून बोटभर जास्त. सहा वर्षांच्या मुलाला मागे ठेवून नवरा गेला आणि त्या त्याच्या मागावर बसल्या, त्याला बावीस वर्षं झाली होती. करवती काठ हा त्यांचा हातखंडा. करवतीच्या दातांसारखे टोकदार, एकमेकांत रुतलेले दात, तीन धोटे फिरवून विणायचे. एकही दात लहान नाही की मोठा नाही. दूरदूरच्या गावांतल्या बायका त्यांच्याकडे लुगडं सांगून जात. काठाइतकंच त्यांचं नाव दुसऱ्या एका गोष्टीसाठी होतं. "माप म्हंजे माप," असं त्या म्हणत, आणि गल्ली ते ऐकून घेई. शेजारच्या भागरथाबाईंच्या मागावरचं एक लुगडं कधीकाळी चार बोटं कमी भरलं होतं. त्याबद्दल सासूबाईंनी त्यांना मारुतीच्या पारावर, भर लोकांत, असं काही सुनावलं होतं की अठरा वर्षांनंतरही ते भाषण गल्लीला पाठ होतं.

आणि गल्लीचा एक रिवाज होता. नवी सून पहिल्या पूजेला बसते ती घरच्या मागावर विणलेलं लुगडं नेसून, कासोटा घालून, डोक्यावर पदर घेऊन. बायका पूजेला येतात असं म्हणायचं. खरं म्हणजे त्या लुगडं तपासायला येतात. काठ उलटून पाहतात, दात मोजतात, निऱ्या किती पडल्या ते पाहतात. सुनेचा चेहरा नंतर, वेळ उरला तर.

"मुद्दाम केलंत का?" मी विचारलं.

विचारायला नको होतं. पण मी कवितेत वाढलेली होते आणि कवितेत काहीच उगीच कमी पडत नाही. मला त्या अपुऱ्या पदरात एक नकार दिसत होता: या घरात तुझ्यापुरती जागा नाही, असं काहीसं.

सासूबाईंनी निऱ्या हातातून सोडल्या. "काय मुद्दाम?"

"मी उंच आहे म्हणून... कमी विणलंत."

"पोरी," त्या म्हणाल्या, "डोळ्यात फूल पडून राह्यलं माह्या. चार महिने लागले मले या काठाले. मुद्दाम कमी विणाले तेवढं तेल कोणाच्या डोळ्यात हाये? अठरा हात विणलं. मोजून. ताणा लावताना मोजलं, उतरवताना मोजलं. अठरा म्हंजे अठरा."

"मग कमी का पडतंय?"

"तूच जास्त हायेस."

हे मला अनेकांनी ऐकवलं होतं, पण इतक्या निखळ तर्काने कोणीच नाही.

दार किलकिलं करून नंदकिशोर डोकावले. त्यांना सेफ्टी पिना आणायला पाठवलं होतं; त्या त्यांनी खडूच्या डबीत घालून आणल्या होत्या.

"माय, बायका विचारून राह्यल्या."

"विचारू दे. तू सांग, अठरा हात म्हंजे किती?"

"एक हात अठरा इंच. दोन हातांचा एक वार. अठरा हात, नऊ वार," ते फळ्यापुढे उभे असल्यासारखे म्हणाले.

"ऐकलं?" सासूबाई मला म्हणाल्या. "मास्तर हाये तो."

"पण माय, अंगावर तर नऊ वार दिसत नाही. शाळेची मीटरपट्टी आणू? पाच मिनिटांत..."

"माह्या मापाले माप लावतं का रे?" त्या इतक्या मोठ्याने ओरडल्या की ओसरीवरची कुजबुज थांबली.

त्या शांततेत भागरथाबाईंचा खणखणीत आवाज आत आला. "कौतिके! आतमंदी सून नेसवून राह्यली का विणून?"

बाहेर हशा पिकला. सासूबाईंचं तोंड कडू झालं. "हिनं कधी डोक्यावर पदर घेतला नाही," त्या दाराकडे पाहत पुटपुटल्या. "देवळात जाते तरी कमरेले खोचून. आन् मले विचारते."

मीटरपट्टी आली नाही ते बरंच झालं. जे कळायचं होतं ते पट्टीविना कळलं. सासूबाई हट्टाने माझ्या कमरेपासून सुटलेलं लुगडं पुन्हा मोजू लागल्या, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, एक हात, दोन हात, तीन हात. त्यांचा तो हात कापडावरून सुरवंटासारखा चालत होता: लहान, चिवट, सुरकुतलेला, मधल्या बोटाला धोट्याचा घट्टा पडलेला. मी ते पाहत होते. मग मी माझा हात त्यांच्या हाताशेजारी ठेवला. कोपराला कोपर लावून.

त्यांच्या मधल्या बोटाचं टोक माझ्या बोटांच्या मुळाशी येऊन थांबलं.

खोलीत तिघं होतो. तिघंही त्या दोन हातांकडे पाहत राहिलो.

"तीन इंचांचा फरक," नंदकिशोर हळूच म्हणाले. गणिताचा माणूस; त्याला थांबता येत नाही. "अठरा त्रिक चोपन्न. चोपन्न इंच. दीड वार."

"गप रे," सासूबाई म्हणाल्या. पण आवाजात दम नव्हता.

त्या स्टुलावर बसल्या. भिंतीवर सासऱ्यांचा फोटो होता. दारात उभे राहून काढलेला. त्यांचं डोकं चौकटीला टेकलं होतं. मी तो काल पाहिला होता आणि या घरात माझ्याआधी एक माणूस वाकून आत येत असे, एवढंच जाणवून मला बरं वाटलं होतं.

"आधी यांच्या हातानं मोजत होतो," त्या म्हणाल्या. "यांचा हात लांब. घरचे अठरा हात म्हंजे सारी गल्ली डोळे मिटून घे. मंग हे गेले. मी मागावर बसली."

"आणि तुमच्या हाताने मोजू लागलात."

"मंग कोणाच्या मोजू? घरात दुसरा हात याचा व्हता. सहा वर्साचा." त्यांनी स्वतःचा हात उलटासुलटा करून पाहिला, जणू तो कोणीतरी त्यांना फसवून दिला होता. "अठरा ते अठराच ठेवले. हात बदलला, हे ध्यानातच नाही आलं वं माह्या."

त्यांना स्वतःला ते लुगडं कधीच अपुरं पडलं नव्हतं. त्यांच्या हाताचे अठरा हात त्यांच्या अंगाला अगदी बेताचे होते.

बाहेर कोणीतरी शंख फुंकून पाहिला. सासूबाईंच्या चेहऱ्यावर काय चाललं होतं ते मला वाचता येत होतं. आपण दारातून बाहेर जाणार, पंचवीस विणकरणींच्या नजरा या काठावरून पदराकडे आणि पदरावरून कासोट्याकडे जाणार, आणि बावीस वर्षं ज्या मापाच्या जोरावर मान ताठ ठेवली ते माप त्या क्षणी सर्वांदेखत दीड वार कमी भरणार. चार बोटांसाठी जिला पारावर उभी केली ती भागरथा पहिल्या रांगेत बसलेली.

"दुसरी साडी नेसते," मी म्हटलं. "माहेरची आहे."

"घरचं लुगडं न नेसता पूजेले बसली तर सारे विचारतील काहून. काय सांगू?"

मला एकच विद्या येत होती. ती मी आयुष्यभर गिरवली होती.

"आई," मी म्हटलं, "मी वाकते."

"काय करतेस?"

मी खांदे पाडले, पाठीला पोक काढला, गुडघे मोडले. पदर चार बोटं सैल झाला. आणखी वाकले, तो खांद्यावरून घरंगळून पलीकडे गेला. निऱ्या तीनच ठेवल्या, कासोटा करकचून ओढला, पदराचं टोक केसांवर पिनेने डकवलं. आरशात पाहिलं तर एक अत्यंत लीन अशी स्त्री जमिनीकडे पाहत उभी होती.

"जोवर वाकलेली आहे तोवर सगळं जागच्या जागी," मी जमिनीला सांगितलं. "सरळ झाले की संपलं."

"किती वेळ राहशील अशी?"

"वीस वर्षांचा सराव आहे."

सासूबाईंनी माझा हात धरला आणि दार उघडलं.

मी बाहेर पडले आणि ओसरीवर उसासा फुटला. मला फक्त पावलं आणि काठ दिसत होते: पंचवीस लुगड्यांचे काठ, जोडव्यांची बोटं, फुटलेल्या टाचा.

"अगं बाई! केवढी वाकून चालते वं!"

"आन् सांगत होते, सून खांबासारखी हाये म्हून."

"एम.ए. झाली म्हंतात. पाह्य, मान वर नाही."

भागरथाबाईंचा आवाज लगेच ओळखू आला. त्या आपल्या दोन सुनांकडे वळून म्हणाल्या, "शिका काही. दहावी नापास आन् चालतात कशा, जशा फौजदारीन. हे पाहा शिक्षण!"

स्तुती ही किती जड वस्तू असते, हे मला त्या दिवशी समजलं. प्रत्येक शाबासकीसरशी मला आणखी दोन अंश वाकावं लागत होतं. पाटावर बसले तेव्हा थोडी विश्रांती मिळाली. बायका जवळ सरकल्या. कोणी काठ उलटला, कोणी दात मोजले, कोणी नखाने विणीचा घट्टपणा तपासला. "एकही दात खाली-वर नाही वं कौतिके," कोणीतरी म्हणालं, आणि त्या आवाजात निव्वळ कौतुक होतं. सासूबाईंनी "हूं" केलं. एरवी त्यांनी त्यावर अर्धा तास घेतला असता.

पोथी संपली. आरतीला सगळे उठले. मीही उठले, म्हणजे बसलेलीच थोडी वर आले. हातात तबक, समोर निरांजनं, पाठीत एक बारीक आग. शेजारी नंदकिशोर उभे होते. त्या घटकेपुरते ते माझ्याहून उंच होते. माझ्या कपाळावर त्यांची सावली पडत होती. मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून वर पाहिलं. वाटलं, त्यांना बरं वाटत असेल. ते आरती न म्हणता माझ्या पाठीकडे पाहत होते, आणि त्यांचा चेहरा उत्तर चुकलेल्या मुलासारखा झाला होता.

"कौतिके, नशीब काढलंस," भागरथाबाई टाळ्यांच्या तालावर मोठ्याने म्हणाल्या. "अशी वाकलेली सून लाखात एक. जन्मभर अशीच राहो बाप्पा!"

घंटी थांबली.

ती सासूबाईंच्या हातात होती. त्यांनी ती चौरंगाच्या कडेला ठेवली. आरती दोन ओळी आपल्याआपण पुढे गेली आणि मग लंगडत थांबली.

"सरळ उभी राह," सासूबाई म्हणाल्या.

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "आई..."

"सरळ उभी राह म्हटलं न! पूरी."

"आई, पदर..."

"जाऊ दे पदर. जन्मभर वाकाले आणली का तुले मी? सरळ हो."

मी तबक नंदकिशोरांच्या हातात दिलं. आणि उभी राहिले. आधी गुडघे, मग कंबर, मग एकेक करत पाठीचे सगळे मणके. पिनेने एक बारीक आवाज केला. पदर केसांवरून सुटला, खांद्यावर क्षणभर रेंगाळला आणि समोर येऊन लोंबला, चार बोटांच्या चिंधीसारखा. कासोटा मागून सुटला. काठ पोटऱ्यांवर चढला. ओसरीची तुळई माझ्या भांगाला टेकली. आता मला सगळ्यांचे चेहरे दिसत होते.

"पाहा," सासूबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज मोठा होता. "दीड वार कमी हाये. हिची चूक नाही. माह्या हाताची हाये. हे गेल्यापासून मी माह्या हातानं मोजून राह्यली, आन् माहा हात आखूड. बावीस वर्सं तुमाले सर्व्याले कमी दिलं. आन् वरून तुमालेच माप शिकवलं. बोला आता काय बोलाचं ते."

एवढं बोलून त्या भागरथाबाईंसमोर जाऊन उभ्या राहिल्या, जशा अठरा वर्षांपूर्वी भागरथाबाई पारावर उभ्या होत्या.

निरांजनाची एक वात तडतडली. बायका एकमेकींकडे पाहू लागल्या, आणि त्या पाहण्यात मला काहीतरी चमत्कारिक दिसलं. आश्चर्य नव्हतं. चोरी सापडलेल्या मुली जशा एकमेकींकडे पाहतात, तसं होतं.

भागरथाबाईंनी घसा खाकरला.

"दीड नाही वं," त्या म्हणाल्या. "सव्वा. तुहा हात शेवटी शेवटी जरा सैल सुटते."

सासूबाईंनी डोळे बारीक केले. "तुले काय माहीत?"

"मले काय माहीत!" भागरथाबाई कमरेवर हात ठेवून उठल्या. "हे काय हाये माह्या अंगावर? तुहंच लुगडं हाये. हा पदर कमरेले खोचतो मी, तो काय हौस म्हून? डोक्यापर्यंत येतच नाही तो बिचारा!"

"मी तर निऱ्याच घालत नाही," मागून एक म्हातारी म्हणाली. "दोन घालतो, आन् तिसरी घातल्यासारखी चालतो."

"आमच्या मायनं मधात जोड देला व्हता. दिसू नये म्हून सणावारी बसूनच राहे."

आणि मग सगळ्याच बोलू लागल्या. कोण सुनेच्या साडीचा तुकडा आतून लावत होती, कोण कासोटा न घालता घालण्याचा आव आणत होती, कोण लांबच्या भाचीला सांगत होती की कौतिकाबाईचं लुगडं घे, पण जाडी होऊ नको. बावीस वर्षांचं एक अख्खं गुप्त शास्त्र त्या ओसरीवर उलगडलं.

"आन् मले कोणी सांगतलं नाही?" सासूबाई ओरडल्या. आता त्यांना खरा राग आला होता. "एकीनंही?"

"काय सांगाचं?" भागरथाबाईंचा आवाज खाली आला. "तुहा धनी जाऊन वर्स नव्हतं झालं. पोरगं सहा वर्साचं. तू पहिलं लुगडं उतरवून माह्या हातात देलं आन् म्हनाली, पाह्य, अठरा हात बरोबर हायेत. मी घरी जाऊन नेसून पाह्यलं. कमी व्हतं. मी आमच्या यांना सांगतलं, सर्व्यांना सांगतलं, कोणी बोलाचं नाही. एकदा बसू दे बाईले मागावर. मंग सांगू." त्या थांबल्या. "मंग तुहा काठ असा देखणा येऊ लागला, का सांगाले जीवच होईना."

"आन् चार बोटं?" सासूबाईंनी हळूच विचारलं. "पारावरची?"

"ते तर राहूच दे! चार बोटांसाठी तू मले पारावर तासभर बोलली न, तवा माह्या अंगावर तुहंच लुगडं व्हतं. सव्वा वार कमी! मी हसू दाबून राह्यली, आन् तुले वाटलं मी रडून राह्यली."

पहिल्या हसल्या त्या सासूबाईच. एक विचित्र, फुटका, ओला आवाज त्यांच्या घशातून निघाला आणि मग त्या पदर तोंडाशी धरून हलत राहिल्या. त्यांचा पदर मात्र पुरेसा होता.

मी अजून तशीच उभी होते, सुटलेल्या लुगड्याची मूठ कमरेशी आवळून. भागरथाबाईंनी मला खालून वर न्याहाळलं. त्यांना बराच वेळ लागला.

"चल वं फौजदारीन," त्या म्हणाल्या. "कासोटा विसर. गोल नेसवतो तुले. गोल नेसाले बाकीच्यांना सहा वार पुरते, तुह्या उंचीले साडेसहा. वार-सव्वा वार उरेल, तो निऱ्यांत जाईल. कासोट्याचं पुऱ्या नऊ वारांचं तुले लागेल तवा पाहू."

त्यांनी मला आत नेलं आणि स्टूल न घेता, नुसत्या हाताच्या अंदाजाने दोन मिनिटांत नेसवलं. नऊ निऱ्या पडल्या. काठ घोट्यावर टेकला. पदर खांद्यावरून मागे गुडघ्यापर्यंत गेला आणि करवतीचे सगळे दात उजेडात एका रांगेत हसले. अर्धी राहिलेली आरती मी ताठ उभी राहून पूर्ण केली. नंदकिशोर पुन्हा माझ्या खांद्याएवढे झाले, आणि त्यांना आरतीचे शब्द आठवू लागले.

संध्याकाळी सासूबाई बांबूची एक कामटी घेऊन माझ्यापाशी आल्या.

"हात दे."

मी हात पुढे केला. त्यांनी कोपराला कामटी लावली, मधल्या बोटाच्या टोकाशी विळ्याने खाच पाडली आणि ती सासऱ्यांच्या फोटोखाली, मागाशेजारच्या खिळ्याला टांगली. फोटोकडे एकदा पाहिलं, कामटीकडे एकदा पाहिलं. "घरचाच हाये," एवढंच म्हणाल्या.

चैत्र संपता संपता नव्या मापाचं पहिलं लुगडं मागावरून उतरलं. ते त्यांनी कोणालाच विकलं नाही. घडी घालून शेजारी पाठवून दिलं. मी ओसरीवर नंदकिशोरांच्या शाळेतल्या वह्या तपासत होते. दुपारी दारात कोणीतरी आलं. लाल करवती काठाचं नवं लुगडं, पुऱ्या निऱ्या, कडक कासोटा, आणि डोक्यावरून घेतलेला पदर, इतका भरघोस की कपाळ ओलांडून थेट नाकाखाली उतरलेला. ती आकृती चौकटीला आपटली, "अगं माय" म्हणाली आणि चाचपडत आत आली.

"कौतिके," पदराच्या आतून भागरथाबाई म्हणाल्या, "काहीच दिसत नाही वं."

माग थांबला नाही. धोटा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला गेला, परत आला, आणि खडखडाटातून सासूबाईंचा आवाज आला.

"बावीस वर्सं दिसत व्हतं, तवा कुठं बोलली?"